वयाचं आहे, दुसरं काही नाही

१६ जानेवारी, मंगळवार

आज डॉक्टर क्लारा युसुपोव्नाच्या टेबलावरची चहाची किटली तिच्याच रजिस्टरांवर ओतावी असं वाटलं. ओतली नाही. ‘रहमत’ म्हणत आभार मानले, मान लववली, चिठ्ठी घेतली आणि बाहेर आले. ही वही त्यासाठीच काढली आहे. नाहीतर हा राग दुकानात येणाऱ्या बायांवर निघेल, आणि त्यांचा काय दोष.

क्रमाने लिहिते. खोसियत ओपा माझी थोरली जाऊ. वय एकोणपन्नास, बालवाडीत स्वयंपाकीण. आमची घरं दोन, मध्ये एक भिंत, अंगण एकच. माझी दोन्ही मुलं तिने वाढवली, म्हणून मला ताश्कंदला राहून औषधशास्त्र पुरं करता आलं. आज महल्ल्याच्या कोपऱ्यावर माझं औषधांचं दुकान आहे ते तिच्या जिवावर.

ऑक्टोबरपासून तिची पाळी बिघडली आहे. हे मला तिने सांगितलं नाही. तिची मुलगी लोबार दर आठवड्याला दुकानातून सॅनिटरी पॅडची पाकिटं न्यायला लागली, तेव्हा कळायला हवं होतं. दोन महिने मी पाकिटं देत होते. परवा ओपा अंगणातल्या नळाशी वाकली आणि तशीच भिंतीला धरून उभी राहिली, तेव्हा मी विचारलं.

दवाखान्यात तासभर उभ्या होतो. आत गेल्यावर ओपा कोटाची बटणं काढायला लागली, तर क्लारा युसुपोव्ना म्हणाली, “राहू दे, राहू दे, कोट काढू नका. वय किती?”

“एकोणपन्नास.”

“मग मला काय विचारता, बाई? वयाचं आहे, दुसरं काही नाही. माझंही असंच झालं होतं. लोहाच्या गोळ्या घ्या, डाळिंब खा, जड उचलू नका. पुढची कोण आहे?”

तपासणीच्या खाटेवर फायलींचा ढीग कमरेइतका होता. त्या खाटेवर कित्येक महिन्यांत कुणी बाई झोपलेली नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

ओपा मात्र खूश. बाहेर येऊन तिने गरम नान घेतली, अर्धी माझ्या हातात दिली. “बघ, वयाचं आहे. उगाच तुझी सकाळ गेली.”

मी सोनोग्राफी मागायला हवी होती. शिकलेली बाई मी, मला माहीत आहे. का नाही मागितली? क्लारा युसुपोव्नाच्या चिठ्ठ्या माझ्या दुकानात येतात. हेच कारण आहे का? असेल. लिहून ठेवते.

१९ जानेवारी, शुक्रवार

ओपाच्या स्वयंपाकघरात चुचवारा, खिमा भरलेले छोटे मोदक, वळत बसलो होतो. तिचे तीन होईपर्यंत माझा एक होतो, आणि तोही शिजताना उघडतो.

मी विचारलं, “ओपा, नक्की किती दिवस जातं?”

“कोण मोजतंय?”

“मोजायला हवं.”

“तू मोज. तुला शिकवलंय कशाला? मला पीठ मळता येतं, तेवढं पुरे.”

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. नोव्हेंबरात अकरा दिवस. मग तीन आठवडे काही नाही. डिसेंबरात सोळा दिवस, जर्दाळूएवढ्या गाठी. हे सांगताना ती हसत होती. “एवढ्या जर्दाळूंचा मुरंबा झाला असता गं.”

मी म्हटलं, शहरात जाऊ. ती म्हणाली, जाऊ, पण आल्यावर. वीस फेब्रुवारीला ती आणि सोबिर आका, म्हणजे माझे थोरले दीर, मक्केला, उमऱ्याला निघणार आहेत. तीन वर्षं नाव लावून बसले होते.

“त्या तुझ्या गोळ्या दे मला. पाळी थांबवायच्या. पलीकडच्या तुर्सुनोयला दिल्यास त्या.”

“आधी तपासू या, ओपा.”

“आल्यावर तपास ना. गर्भपिशवी काय पळून जातेय? सामानात घालून नेणार आणि तशीच परत आणणार.”

मला हसू आलं. आता लिहिताना येत नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

दिल्या.

उमऱ्याला जाणाऱ्यांची आज बैठक होती. गटप्रमुखाने पुरुषांना सामान किती, चपला कोणत्या, सगळं समजावलं. शेवटी बायांकडे न बघता म्हणाला, “बहिणींनी आपापली व्यवस्था करून यावं.” सगळ्या बायांनी माना खाली घातल्या. ती व्यवस्था म्हणजे मी. बैठक सुटल्यावर चारजणी थेट दुकानात आल्या. चिठ्ठी एकीकडेही नव्हती. मी मागितलीही नाही. या हिवाळ्यात किती जणींना दिल्या ते आठवत नाही.

त्या माणसाचा राग अजून जात नाही. तीस बायांसमोर चार शब्द उच्चारायची लाज, आणि त्या अंगाचं काय व्हायचं ते होवो!

ओपाला दिल्या त्या विचार करून दिल्या. हेही लिहिते, कारण मी उगाच स्वतःला झोडपते असं मुरोद, माझा नवरा, म्हणतो. तीन वर्षं वाट बघून तिथे गेलेल्या बाईला पाळी आली म्हणून काब्यापासून दूर हॉटेलच्या खोलीत बसवायचं? मी दिल्या नसत्या तर तिने दुसरीकडून घेतल्या असत्या.

हे शेवटचं वाक्य प्रत्येक दुकानदार म्हणतो.

२० फेब्रुवारी, मंगळवार

गेले. ओपाने नानचा एक घास तोडला, उरलेली नान रीतीप्रमाणे खिळ्याला टांगली, परत येऊन संपवायला. बसमध्ये चढताना मला मिठी मारून कानात म्हणाली, “एक थेंब नाही. तुझे हात सोन्याचे.” अख्खा महल्ला रडत होता. मीही.

८ मार्च, शुक्रवार

परवा आले ते दोघं. घरात मुंग्यांसारखी माणसं. ‘उमरा मुबारक, उमरा मुबारक’, आणि दस्तरखान एक मिनिट रिकामं नाही. आज महिला दिनाची सुट्टी, त्यामुळे आणखी गर्दी. महल्ल्याच्या कचेरीत सत्कारही झाले. क्लारा युसुपोव्नाला पुष्पगुच्छ आणि चहाचा सेट मिळाला. मी टाळ्या वाजवल्या. दोनच, पण वाजवल्या.

ओपा मधोमध बसून छोट्या पियाल्यांतून जमजमचं पाणी देत होती. चेहरा उतरलेला. एका म्हातारीने विचारलं, “सांग ना लेकी, काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटलं? तवाफ, त्या भोवतीच्या फेऱ्या, किती केलेस?” ओपा उठली आणि चहा आणायला गेली. किटली तर भरलेली होती. सोबिर आकांनीच मग रंगवून रंगवून सांगितलं.

त्या बायांचा संताप आला. दोन दिवसांचा प्रवास करून आलेलं माणूस, त्याला जरा पडू द्याल की नाही? मी दोनदा सुचवलं, कुणी हललं नाही.

शहरात जायचं काढलं तर ओपा म्हणाली, “सोमवारपासून रमजान आहे. आता नको. मला या वर्षी तीसच्या तीस रोजे हवेत. एकही चुकता कामा नये.” असं ती कधी बोलत नाही. आमच्यात धर्माचं कुणी एवढं डोक्यावर घेत नाही. तिकडे जाऊन आल्याचा परिणाम असणार.

१७ मार्च, रविवार

सात रोजे झाले. ओपा म्हणते, एक थेंब नाही. म्हणजे क्लारा युसुपोव्नाचं खरं होतं? वय होतं आणि आपोआप थांबलं? मला आनंद व्हायला हवा. उलट चीड येते की त्या बाईने न बघता जे ठोकून दिलं ते बरोबर निघावं. ही चीड बरी नाही. ओपा बरी असण्यापेक्षा डॉक्टर चुकलेली असावी, असं मला वाटतंय का?

दुपारी लोबार दुकानात आली. मला ती केलिनोयी म्हणते, म्हणजे काकू. “केलिनोयी, त्या पाळीच्या गोळ्यांची दोन पाकिटं द्या. माझ्या मैत्रिणीच्या आईला हव्यात. रोजे मोडू नयेत म्हणून.”

“कुठली मैत्रीण?”

“तुम्ही नाही ओळखत.”

दिल्या. तिने माझ्याकडे न बघता पिशवीत टाकल्या आणि गेली. हल्लीच्या मुलींना माणसाकडे बघून बोलायचं वळणच राहिलेलं नाही.

२६ मार्च, मंगळवार

काल इफ्तारला ओपाकडे आम्ही सगळे होतो. तिने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली, सूप आणायला उठली आणि दारात कोसळली. बसली होती ती गादी भिजलेली होती. आधी मला वाटलं सूप सांडलं. सूप अजून चुलीवर होतं.

रुग्णवाहिका चाळीस मिनिटांनी आली. तिच्यातल्या माणसाने पहिला प्रश्न काय विचारावा? “वय किती?” मी ओरडले त्याच्यावर. “वय विचारू नका! रक्त किती गेलं ते विचारा!” सोबिर आका म्हणाले, “इनोबत, हळू बोल.” मी त्यांच्यावरही ओरडले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

शहरातल्या इस्पितळात रक्त चढवलं. आज सकाळी डॉक्टर उमिदा बोतिरोव्नाने तपासलं. पस्तिशीची असेल. कोट काढायला लावला, खाटेवर झोपवलं, सोनोग्राफी केली. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. गर्भपिशवीचं अस्तर एकोणीस मिलीमीटर. या वयात, अशा रक्तस्रावात, हे तपासल्याशिवाय सोडता येत नाही, म्हणाली. आतल्या अस्तराचा नमुना तिथेच घेतला. लगेच अर्ज भरायला बसली.

“संप्रेरकांच्या गोळ्या? पाळी थांबवायच्या, मुलं न होण्याच्या, कुठल्याही?”

ओपा म्हणाली, “नाही.”

आणि माझ्याकडे बघितलं.

मी गप्प राहिले. हे नीट लिहायला हवं. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते असं: गोळ्या फेब्रुवारीतल्या. महिना होत आला. अंगात राहिल्या नसणार. त्या सांगून गोंधळच वाढेल. डॉक्टर ‘आत्ता’चं विचारते आहे. आणि ओपा लाजते आहे, परक्या बाईसमोर तिला खोटं का पाडू?

चारही कारणं बरोबर आहेत. इतकी कारणं का लागली?

डॉक्टरने रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

खरा दोष क्लारा युसुपोव्नाचा आहे. जानेवारीत तिने ही सोनोग्राफी केली असती तर आज हे रक्त चढवायची वेळ आली नसती. तिच्याविरुद्ध तक्रार लिहिणार आहे.

३ एप्रिल, बुधवार

तक्रार लिहिली. चार पानं. अजून टपालात टाकली नाही.

आज नमुन्याचा अहवाल आला. “औषधी संप्रेरकाचा ठळक परिणाम. मूळ पेशींबद्दल मत देता येत नाही. औषध घेतल्याची नोंद अर्जात नाही. पुन्हा तपासणी आवश्यक.”

म्हणजे नमुने बदलले! दुसऱ्याच कुठल्या बाईचा तुकडा ओपाच्या नावावर चिकटवला. एक बाई रक्त जाऊन मरायला टेकली आहे आणि यांना दोन बाटल्या वेगळ्या ठेवता येत नाहीत. उद्या प्रयोगशाळेत जाते. बघतेच.

४ एप्रिल, गुरुवार

गेले होते.

प्रयोगशाळेत विक्तोर पाक नावाचे म्हातारे कोरियन गृहस्थ आहेत. आयुष्यभर त्याच खिडकीशी बसून पेशी बघतात. मी दारातूनच सुरुवात केली. निष्काळजीपणा, बायांच्या जिवाशी खेळ, वर तक्रार, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “झालं? बसा. तुम्ही काय काम करता?”

“औषधांचं दुकान आहे माझं.”

“मग समजेल तुम्हाला. या, बघा.” सूक्ष्मदर्शकाशी मला बसवलं. “या पेशी अशा फुगलेल्या दिसतात ना, त्या गोळीने होतात. आपोआप होत नाहीत. अर्ज लिहिताना माणूस खोटं बोलतं. तुकडा बोलत नाही.”

मी म्हटलं, “फेब्रुवारीत घेतल्या होत्या.”

माझ्या तोंडून निघून गेलं.

ते म्हणाले, “फेब्रुवारीत नाही, बाई. त्याच आठवड्यात घेत होती. रोज.”

“शक्य नाही.”

“बरं, शक्य नाही.” त्यांनी काच उचलून डबीत ठेवली. “कोण देतंय तिला?”

मैत्रिणीची आई. दोन पाकिटं. “तुम्ही नाही ओळखत.”

तिथून बस स्थानकापर्यंत मी चालत आले. लोबारचा गळा धरावा असं वाटत होतं. पाकांचा राग आला, कारण त्यांनी आवाज चढवला नाही. अंगणात शिरले तेव्हा इस्पितळातून घरी आलेली ओपा तंदूरपाशी राख काढत होती. डॉक्टरने पडून राहायला सांगितलं आहे आणि ही राख काढते आहे.

“अजून घेतेस?”

तिला विचारावं लागलं नाही, काय ते. “चार उरल्यात.”

“डॉक्टरला नाही का म्हणालीस?”

“मग काय सांगू? जाऊने दिल्या म्हणून सांगू? चिठ्ठी नाही, काही नाही. तुझ्या दुकानाला कुलूप लागलं असतं. तू तिथेच बसली होतीस ना? तू तरी कुठे बोललीस?”

ओपा माझ्यासाठी खोटं बोलली होती, आणि मला वाटत होतं मी तिची लाज राखतेय.

मग ती राखेतच बसली आणि म्हणाली, “आता ऐकतेस तर सगळं ऐक. तिकडे तिसऱ्या दिवशी डाग लागला. गोळ्या चालू असताना. मी दुप्पट घेतल्या. थांबेना. सोबिर आका म्हणाले चल, आणि मी गेले. कुणाला काही न सांगता, तशीच. सात फेऱ्या घातल्या, इनोबत. त्या जागी. तशा अंगाने.” तिने हात राखेने माखलेले असतानाच तोंडावर धरले. “तीस रोजे पुरे केले तर जरा भरपाई होईल, म्हणून लोबारला पाठवलं.”

५ एप्रिल, शुक्रवार

ती म्हणाली, आधी मुकद्दस ओतिनकडे, मग डॉक्टर. मुकद्दस ओतिन महल्ल्यातल्या बायांना धर्म शिकवणारी म्हातारी. मला वाटलं आता ही शाप देणार. जाताना मी भांडायची तयारी करत गेले.

ओतिनने आम्हाला बसवलं, चहा दिला. मग प्रश्न. तुझी नेहमीची पाळी किती दिवसांची? शेवटची नेमाने केव्हा आली? मध्ये किती दिवस स्वच्छ होतीस? रंग कसा? गाठी? वास? ताप? बाळंतपणं किती, गर्भ पडला का? आईला असं होतं का? दहा प्रश्न. मी मोजले. क्लारा युसुपोव्नाने एक विचारला होता. आणि मी, पदवी भिंतीवर लावलेली मी, गोळ्या देताना एकही विचारला नव्हता.

शेवटी ओतिन म्हणाली, “हे बघ लेकी. पाळीची हद्द दहा दिवस. त्यापुढे जातं ते पाळीचं नाही, दुखण्याचं. दुखण्याचं रक्त इबादत अडवत नाही. वाहत्या जखमेसारखंच ते. पण तुझं कोणतं, हे मी इथे बसून कसं सांगू? माझ्या डोळ्यांना आतलं दिसतं का? ज्यांना दिसतं त्यांच्याकडे जा, मग माझ्याकडे ये. गोळ्यांचं सांगितलंस त्यांना?”

“नाही.”

“का?”

ओपाने पियाला खाली ठेवला. मीच म्हटलं, “मी दिल्या होत्या, ओतिन-ओयी.”

“मग तू सांग,” ती म्हणाली आणि पियाला पुन्हा भरला.

तिथून थेट शहरात. उमिदा बोतिरोव्नाला सगळं सांगितलं: फेब्रुवारीतलं पाकीट, मार्चमधली दोन, चिठ्ठी नव्हती, माझं नाव, दुकानाचा पत्ता. तिने पेन टेबलावर आपटलं.

“तुम्ही शिकलेल्या आहात! तुम्ही समोर बसला होता! गोळ्यांनी आतलं सगळं झाकलं जातं. खाली काय आहे ते दिसतच नाही. दहा दिवस घालवले आपण. आता गोळ्या थांबवायच्या, रक्त जाणार, पुन्हा भरायचं, महिनाभर वाट बघायची आणि मग पुन्हा नमुना. त्या महिन्यात काय होईल ते तुम्ही मला सांगा!”

पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर ओरडलं. ओरडायलाच हवं होतं. तिने नवा अर्ज काढला. ‘औषध कुणी दिलं’ असा रकाना त्यात नव्हता. मी तिला समासात लिहायला लावलं.

७ एप्रिल, रविवार

घरात सांगितलं. सोबिर आका उठून गेले, माझ्याशी बोलत नाहीत. मुरोद म्हणतो, “तुला विचारलं कुणी होतं? आपण होऊन मान पुढे केलीस. आता तपासणीवाले येतील, मग बस.”

मी म्हटलं, “येऊ देत.”

“ओपा बरी झाली असती आपोआप.”

“आपोआप काय होतं, मुरोद? सांग ना मला. कुठली गोष्ट आपोआप होते या घरात? नानसुद्धा आपोआप भाजत नाही!”

त्याने दूरचित्रवाणीचा आवाज वाढवला.

क्लारा युसुपोव्नाविरुद्धची चार पानं पुन्हा वाचली. प्रत्येक वाक्य खरं आहे. पाचवं पान जोडलं, माझ्याबद्दलचं. पाचही टपालात टाकली.

२३ एप्रिल, मंगळवार

तपासणीवाले आले. ताकीद, दंड, नोंदवहीवर लाल शिक्का. आता चिठ्ठीशिवाय देत नाही. तुर्सुनोय आज चिडून गेली. म्हणाली, “भाव खायला लागलीस का गं?” पलीकडच्या दुकानातून तिने घेतल्या. मी काचेतून बघत होते.

ओपाचं रक्त गोळ्या थांबवल्यावर दहा दिवस गेलं. दोनदा इस्पितळात नेऊन आणलं. ईदला ती अंथरुणात होती. आलेल्या बायांना लोबार सांगत होती, “आईला सर्दी झालीय.” तिला बाजूला घेऊन म्हटलं, सर्दी म्हणू नकोस. “मग काय म्हणू, केलिनोयी?” शब्दच नाही आमच्याकडे त्यासाठी. सर्दीसाठी सहा आहेत.

६ मे, सोमवार

दुसरा नमुना घेतला. अर्ज मी वाचला, ओपाने वाचला, मग सही.

१६ मे, गुरुवार

अहवाल आला. उमिदा बोतिरोव्नाने आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. सोबिर आका बाहेर बाकावर होते.

अस्तराच्या पेशी बिघडल्या आहेत. अजून कर्करोग म्हणता येत नाही, पण उंबरठ्यावर आहेत. अशा वेळी कधीकधी आत लपलेलाही सापडतो. ते गर्भपिशवी काढल्यावर नक्की कळेल. काढायलाच हवी. सत्तावीस तारीख दिली. “वेळेत आहोत असं मला वाटतं,” ती म्हणाली. माझ्याकडे बघून पुढे म्हणाली, “जेमतेम.”

ओपाने विचारलं, “हे कधीपासून असेल, डॉक्टर?”

“सांगणं कठीण. काही महिने तरी. बहुधा शरदापासूनच.”

“फेब्रुवारीत होतं?”

“हो, असणारच.”

“म्हणजे फेब्रुवारीत जे गेलं ते पाळीचं नव्हतं. ते दुखण्याचं होतं.”

“तसं म्हणता येईल.”

ओपाने दोन्ही हात तोंडावर धरले. खांदे हलत होते. मी तिला जवळ घेतलं आणि तेव्हा कळलं, ती हसते आहे. हसते आहे आणि पुटपुटते आहे, “शुक्र अल्लाचा, शुक्र, शुक्र.”

डॉक्टर घाबरली. “काय झालं यांना? समजलं ना त्यांना मी काय सांगितलं?”

“समजलं,” मी म्हटलं. “त्यांचा तवाफ ग्राह्य धरला गेला.”

डॉक्टरने ओपाला पाणी दिलं.

मला संताप आवरत नव्हता. पोटात मरण वाढत होतं आणि ही बाई तीन महिने त्याला घाबरतच नव्हती. ती घाबरत होती काब्याला. कुणी घाबरवलं तिला? ‘आपापली व्यवस्था’वाल्याने, की चिठ्ठी न मागणाऱ्या मी? परतताना टॅक्सीत मागच्या सीटवर मी हे सगळं मोठ्याने बोलत होते. क्लारा युसुपोव्ना, गटप्रमुख, मुरोद, पलीकडचं दुकान, कुणाला सोडलं नाही. पुढे बसलेल्या सोबिर आकांनी आज खिडकी खाली केली, मला उन्हाळा सोसत नाही म्हणून.

ओपा डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली.

“इनोबत,” ती म्हणाली, “एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“सांग.”

“तू चिडलीस ना की त्यांच्याकडे बघतेस. माझ्याकडे बघत नाहीस.”

मला त्याचाही राग आला. दवाखान्यात मीच नेलं, ओरडले मी, दंड मी भरला, आणि मी बघत नाही? हे सगळं जिभेवर आलं. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं, ते बोलण्यासाठीच.

उन्हात तिचे ओठ कणकेसारखे पांढरे दिसत होते. हिरड्याही. हाताची नखं मेणासारखी, मध्ये वाटीसारखी खोलगट झालेली. अशी नखं एका आठवड्यात होत नाहीत, महिन्यात होत नाहीत. आम्हाला पहिल्याच वर्षाला शिकवतात. म्हणजे चुचवारा वळताना ती तशीच होती, समोर, माझ्या हाताशेजारी.

तिचा हात मांडीवर घेतला. गावापर्यंत सव्वा तास लागतो. बघत बसले.